मृतसाठ्यातलं घर

२७ मे २०२४, सोमवार. पुणे ते पळसदेव

दादाचा फोन शनिवारी आला. "धरण पार तळाला गेलंय. देऊळ सगळं उघडं पडलंय, आपली आळीबी दिसाया लागली. येतीस का?" मी लगेच हो म्हणाले. एरवी मला गावी जायचं म्हटलं की आधी पंधरा दिवस तयारी लागते. या वेळी दोन साड्या आणि औषधांचा डबा पिशवीत टाकला आणि सकाळी सातला स्वारगेटला उभी राहिले.

हडपसर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. हा रस्ता मी शेकडो वेळा केला आहे आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेवटी आई असायची. फेब्रुवारीत ती गेली. तेराव्यानंतर मी आज पहिल्यांदाच जात होते. कुरकुंभ मागे पडल्यावर हात आपोआप फोनकडे गेला. तिथून तिला फोन करून "आले गं" सांगायची सवय होती. ती लगेच गॅसवर चहाचं भांडं ठेवायची. तासभर आधी. कितीदा सांगून पाहिलं, ऐकली नाही.

मला एकच स्वप्न पडतं. उजनीच्या धरणासाठी गाव उठलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, तेव्हापासून पडतं. संध्याकाळ आहे, मी शाळेतून येते. घराचं निळं दार उघडं आहे. आई आत उखळापाशी माझ्याकडे पाठ करून बसली आहे. अंगणात पाणी आहे, अगदी नितळ, खालची शेणाने सारवलेली जमीन दिसते. पाणी उंबरठ्यावरून आत जातं आणि आईला कळत नाही. मी हाक मारते, पण आवाज फुटत नाही. ती फक्त लुगड्याचा काठ जरा वर उचलते आणि कांडतच राहते. तिथे जाग येते. दहावीच्या परीक्षेत पडलं, पहिल्या बाळंतपणाआधी पडलं, १९९८ मध्ये अण्णा गेले तेव्हा तर लागोपाठ तीन रात्री पडलं. आई गेल्यावरही पडलं. दार उघडं, पाणी तेवढंच, पण उखळापाशी कुणी नाही. मुसळ मात्र भिंतीला टेकवून ठेवलेलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज रात्री जेवताना दादाला सांगितलं. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, गाव उठलं तेव्हा बारा वर्षांचा. त्याला सगळं आठवतं. भाकरी मोडता मोडता त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण दार कुठलं तिथं? दार आपण काढून आणलं की. दार, चौकट, तुळया, पत्रं, सगळं बैलगाडीत घालून आणलं. अण्णांनी एक खिळासुद्धा ठेवला न्हाई. पाणी आलं तवा तिथं नुसत्या भिंती व्हत्या."

"मग दार गेलं कुठे?"

"गोठ्याला न्हाई का? तूच तर सुट्टीत त्याला झोका बांधायचीस."

२८ मे, मंगळवार. जुनं पळसदेव

पहाटे उठून आधी गोठ्यात गेले. दार तेच. शिसवी नाही, साधं बाभळीचं, जाड फळ्यांचं, चॉकलेटी रंगाचे थरावर थर चढलेलं, खालची कड गुरांच्या मुतामुळे कुजलेली. पंचेचाळीस वर्षं मी या दारातून म्हशीला पेंड घालायला आत-बाहेर केलं, आणि झोपेत याच दाराला पाण्यात उभं केलं. दादा म्हणत होता, निळं कधीच नव्हतं. मी मोबाईलच्या उजेडात वरची बिजागरी पाहिली. तिच्या पानामागे, जिथे कुंचला पोचत नाही, तिथे बोटाच्या पेराएवढा रंग शिल्लक होता. निळा. निळीच्या पाण्यासारखा फिका. वहिनी धार काढत होती. तिला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "मग ताई, तुमचं खरं हाय की." मला तिथेच रडू आलं. कारण सांगता येणार नाही. तीन महिने आवरलेलं होतं तेही असेल.

सहाला मोटारसायकलवरून निघालो. नवं गाव हमरस्त्याला लागून आहे. जुनं भीमेच्या काठाला. मध्ये सगळा ऊस. हा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे ज्याच्याखाली गाव गेलं. दादाचा दोन एकरही त्यातलाच. त्याबद्दल तो कधी काही बोलत नाही आणि मीही विचारत नाही. ऊस संपला की गाळाची जमीन लागते. पाणी मागे सरकतं तसे शेतकरी मोटारी पुढे नेतात. पाइपांची आणि केबलींची जाळी पार पाण्यापर्यंत पसरलेली. एक म्हातारे गृहस्थ पाइपाचा जोड आवळत बसले होते. "ह्या म्हैन्यात चौथ्यांदा फुडं नेली," म्हणाले.

उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला साडेत्रेसष्ट टीएमसीहून जास्त, म्हणजे निम्म्याहून अधिक, मृतसाठा. दरवाजांच्या आणि कालव्यांच्या खालचं हे पाणी आपोआप वाहून जाऊ शकत नाही, म्हणून त्याला मृत म्हणतात. पातळी त्याच्याखाली उतरली की धरण उणे होतं. आमच्याकडे लहान पोरंसुद्धा सांगतात, "धरण मायनसमधी गेलं." २०२३ चा पाऊस कमी झाला आणि या वर्षी जानेवारीतच धरण उणे झालं. मे संपत येईपर्यंत आकडा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. पेपरात तो आकडा रोज येतो आणि इकडचा माणूस तो वाचून टँकरचा, पिकाचा, जनावरांचा विचार करतो. आम्ही उठलेली माणसं त्याच्याबरोबर आणखीही काही मोजतो. उणे वीसला शिखर, उणे तीसला मंडप, असा हिशोब आई करायची. आमचं घर मृतसाठ्यात आहे. एवढं एक वाक्य मी कितीतरी वर्षं मनात धरून आहे.

भेगाळलेल्या गाळावर शिंपल्यांचा खच होता. पायाखाली कुरकुर आवाज. आणि समोर पळसनाथाचं देऊळ. विटांचं शिखर, खाली दगडी मंडप, खांबांवर अजून नक्षी. शिखराचा शेंडा बऱ्याच उन्हाळ्यांत पाण्यावर दिसतो, पण पायापर्यंत देऊळ उघडं पडायला दुष्काळच लागतो. आतला देव गाव उठतानाच नव्या गावात नेला. गाभारा रिकामा आहे, तरी दादाने चपला काढल्या, मीही काढल्या. आत गारवा होता आणि ओल्या चिखलाचा, शेवाळाचा वास.

देवळाभोवती वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे दगड, आहेत आणि सतीशिळा. लहानपणी त्यांच्यावर चढून खेळायचो एवढंच आठवत होतं. आज एका वीरगळासमोर उकिडवी बसले. सगळ्यात खाली लढाई: घोडा, ढाल, पडलेला माणूस. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही हातांना धरून नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेवटी कलश. चेहरे झिजून गेलेत. मधल्या पट्टीत, अप्सरेच्या आणि त्याच्या खांद्यांमधल्या खाचेत वाळलेला गाळ बसला होता. मी काडीने तो काढला. खाली दगड अगदी कोरा, काळाभोर निघाला. इतकी वर्षं पाण्यात राहूनही तिथे छिन्नीच्या खुणा होत्या. या माणसाचं नाव दगडावर नाही, गावातही कुणाला ठाऊक नाही. पण कुणीतरी त्याच्यासाठी दगड घडवून घेतला, पैसे मोजले, उभा केला. त्याची आई तेव्हा जिवंत असेल का, हे मनात आलं. तिने या मधल्या पट्टीकडे किती वेळ पाहिलं असेल.

घर शोधायला तासभर गेला. सगळीकडे नुसती जोती. भिंतींची माती विरघळून गाळात मिसळली, फक्त दगडांच्या ओळी उरल्या, त्याही एकसारख्या. दादा मारुतीच्या पारापासून पावलं मोजत निघाला. दोनदा चुकला. दुसऱ्या वेळी चिडून म्हणाला, "तवा माझी पावलं ल्हान व्हती," आणि मग पारावर परत जाऊन बारा वर्षांच्या पोराइतकी पावलं टाकत आला. साठीला दोन वर्षं कमी असलेला माझा भाऊ, धोतराचा सोगा हातात धरून, तोंडाने आकडे म्हणत छोटी छोटी पावलं टाकतोय. मी ते बघत राहिले. तो थांबला तिथे एक जोतं होतं. "हीच."

पाच बाय सहा पावलांचं. माझ्या स्वप्नात केवढं मोठं असतं.

जोत्याच्या आतल्या कोपऱ्यात गाळ थोडा खोलगट बसला होता. दादाने पायाने उकरलं आणि दगडाची गोल कड लागली. उखळ. जमिनीत पुरलेलं, म्हणून अण्णांना काढून नेता आलं नव्हतं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो आणि हातांनी गाळ काढायला लागलो. वरचा वाळलेला, ढेकळांसारखा. मग शिंपले. मग मऊ, काळा, थंडगार, तळाशी ओलसर. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. बोटांना तळ लागला तेव्हा तो इतका गुळगुळीत होता की मी दचकले. बाहेरचा दगड खरबरीत, कडेला टाक्यांच्या खुणा, आणि तळ मात्र वाटीसारखा घासून गेलेला. आजीने, पणजीने, आईने कांडून कांडून केलेला. मी तसाच हात ठेवून बसले. ऊन चढत होतं. दादा काही बोलला नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "निघायच्या दिशी आईनं ह्याला हळद-कुंकू वाह्यलं. गाडी भरून उभी, अण्णा वरडायलेत, आन ही आत. मी बोलवाया आलो तर मूठभर बाजरी ह्याच्यात टाकत व्हती. म्हणली, उखळ रिकामं ठिवून जाऊ न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही. स्वप्नात ती पाठ करून काय करत असते, हे मी इतकी वर्षं कांडणं समजत आले होते.

२९ मे, बुधवार. कळाशीचा काठ

मावशी पलीकडे राहते, करमाळ्याच्या बाजूला, कुगावजवळ. धरणाआधी उन्हाळ्यात नदी पायी ओलांडून बहिणी एकमेकींकडे जायच्या. आता मध्ये जलाशय आहे. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून सगळे लाँचने, होडीने जायचे. आठवड्यापूर्वी, २१ तारखेच्या संध्याकाळी, कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आज काठावर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. वाहतूक बंद. कुणी कुणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. एक बाई पाण्याकडे तोंड करून बसली होती. आम्ही तिच्यापासून लांब उभे राहिलो. आपलं दुःख घेऊन तिथे उभं राहायलाही मला संकोच वाटला.

पलीकडचा काठ दिसतो. पाण्याच्या उथळ पट्ट्यात रोहित पक्षी उभे होते, शे-दीडशे असतील, मान खाली घालून चिखल चाळत. मी मावशीला फोन लावला. ती आज ऐंशीच्या जवळ आहे. आईच्या अंत्यविधीला तिला वेळेत पोचता आलं नव्हतं.

"मावशी, मी कळाशीला आलेय. समोरच आहे बघ."

"दिसत न्हाई गं मला आता. पण हायस न्हवं? बास झालं."

मी तिला उखळाचं सांगितलं, आणि मग कशी कोण जाणे, स्वप्नाचंही सांगितलं. ती गप्प झाली. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "मला बी पडतं. गाव आसं समदं जागच्या जागी. आन पाणी वर, आभाळावाणी. आपून समदी खाली. कुणाचं लुगडं भिजत न्हाई. तुझी आई जात्यावर बसल्याली आन मला म्हणती, उशीर केलास."

"घाबरतेस का?"

"घाबरायचं काय त्यात? उठले की बरं वाटतं. गावाला जाऊन आल्यावाणी."

दुपारी घरी येऊन झोपले. कसलंही स्वप्न पडलं नाही.

३० मे, गुरुवार. पंढरपूर

आईने माळ घातली ती गाव उठलं त्या वर्षी. कारण विचारलं की सांगायची, "आपल्या घरावरून जाणारं पाणी पंढरीच्या वाटंला लागलंय. पाणी जातंय तर मी का नगं?" भीमा उजनीच्या भिंतीतून सुटते आणि पंढरपुरात चंद्रभागा होते. शाळेत भूगोलात मी हे शिकले तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही. ते आमच्या स्वयंपाकघरात आधीच ठरलेलं होतं.

दादाने जीप सांगितली होती. भीमानगरला भिंतीपाशी पाच मिनिटं थांबलो. अडीच किलोमीटर लांबीची भिंत, बंद दरवाजांची रांग, आणि दरवाजांच्या कितीतरी खाली पाणी. दादा म्हणाला, लहानपणी ही भिंत पाहून त्याला अण्णांचा राग यायचा. धरणाचा नाही, अण्णांचा. त्यांनी भांडायला हवं होतं असं वाटायचं. "आता त्यांच्यापरीस माझं वय जास्त झालं, मग समजतंय. भांडून काय, गाडी भरायची व्हती त्यांना."

मंदिराच्या जतनाचं काम चालू असल्याने १५ मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद होतं. फक्त सकाळचं मुखदर्शन. आईचा सगळा जीव त्या पायांत होता. रांगेत दहा तास गेले तरी चालतील, पण डोकं टेकवायचं. शेवटच्या वर्षी गुडघे चालेनात म्हणून मीच म्हणाले होते, मुखदर्शन घेऊन येऊ. ती म्हणाली, "लांबून बघायला फोटो हाय की घरी." आज मी लांबूनच पाहिलं. गाभाऱ्यातली चांदी काढलेली, भिंतींचा मूळ काळा दगड उघडा पडलेला. काल-परवा पाहिलेल्या दगडांसारखाच. मला क्षणभर आपण पळसनाथाच्या मंडपात उभे आहोत असं वाटलं, आणि पाणी कुठल्याही क्षणी उंबरठ्यावरून आत येईल असंही. मागून "चला माउली, चला" झालं आणि पुढे सरकले.

वाळवंटात पुंडलिकाच्या देवळाजवळ पाणी होतं, घोट्याएवढं. फेब्रुवारीत आईची रक्षा आम्ही इथेच सोडली होती. तेव्हा मी पाण्याला हात लावला नव्हता, धीर झाला नव्हता. आज पाय बुडवून उभी राहिले. पाणी कोमट, फारसं स्वच्छ नाही, तळाची वाळू मात्र दिसत होती. साडीचा काठ मी जरा वर उचलला. दादा माझ्याकडे बघत होता. त्याला स्वप्न माहीत होतं. तोही धोतर सावरून पाण्यात येऊन उभा राहिला.

रात्रीच्या गाडीने पुण्याला परत.

४ ऑगस्ट, रविवार. पुणे

प्रवास संपून दोन महिने झाले, पण हे इथेच लिहायला हवं.

स्वप्न जूनमध्ये एकदा पडलं. दार नव्हतं. नुसतं जोतं होतं, पाच बाय सहा पावलांचं, आणि सगळीकडे ऊन. आई दिसली नाही. पाणीही नव्हतं. मी उखळापाशी बसले होते आणि कुणीतरी येणार आहे अशी वाट बघत होते. जाग आली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. नंतर झोप लागली नाही, पण छातीत नेहमी धडधडतं तसं धडधडलं नाही.

जुलैच्या शेवटी पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटलं आणि उजनी उणेतून बाहेर आलं. आज सकाळी दादाचा फोन होता. धरण भरत आलंय, शिखर कधीच गेलं, नदीकाठच्या गावांना इशारा दिलाय. उसाचं, वहिनीच्या गुडघ्याचं, मावशीचं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाला, "आन ऐक. पाणी चढायच्या आदी मी जाऊन आलो तिकडं."

"कुठे?"

"घरी. मूठभर बाजरी टाकून आलो."